नसलेल्या खोलीत झालेल्या भांडणाबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय छपन्न. शिक्षण नववी, तेही पुरते नव्हे. धंदा अर्जलेखन. बैठक वेल्हे येथे, कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली होती, आता नाही.

जाबदार : एक खोली. तिला गट नंबर नाही, चतुःसीमा नाहीत, सातबारा नाही. ती वेल्ह्यात उभी होती असे म्हणता येत नाही आणि नव्हती असेही म्हणवत नाही.

घटनेची तारीख : नक्की लिहून ठेवलेली नाही. दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षे झाली होती आणि भाताची झोडणी उरकली होती. वेळ सकाळी अकरा ते पाऊण.

साक्षीदार : एक, डोंगराकडच्या वाडीतील म्हातारी, जिच्या अर्जावरून प्रकार घडला. दोन, पुण्याच्या एका संस्थेत खोल्यांचे आराखडे काढणारी मुलगी.

यांपैकी कोणाचेही नाव मी लिहीत नाही. नाव कागदावर आले की माणूस पक्षकार होतो, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. ज्याच्याशी माझे भांडण झाले त्याला तर पक्षकार करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. त्यामुळे हा अर्ज कायद्याच्या दृष्टीने लंगडा आहे, याची मला जाणीव आहे. तरी तो शांतपणे वाचावा.

नव्वद सालच्या सुमारास मी अर्ज लिहिण्यास बसलो. तेव्हा हाताने लिहिलेला अर्ज चालत असे, परंतु टंकलिखित अर्जाकडे कारकून दोनदा पाहत असे. हे ध्यानात आल्यावर मी सोबतीला टंकलेखक शोधू लागलो. भोरचा एक मुसलमान गृहस्थ मिळाला. माझ्याच वयाचा, अंगाने बारीक, बोलण्यास बेताचा. रोज सकाळी भोरहून निघून, कापूरहोळला एसटी बदलून तो वेल्ह्यास येई. यंत्र समोरच्या हॉटेलात ठेवलेले असे. ते छातीशी धरून आणी व तिपाईवर मांडी. मी त्याला भाई म्हणत असे. तो मला पहिल्या दिवसापासून वकीलसाहेब म्हणू लागला. मी वकील नव्हतो, त्यामुळे प्रथम तो टोमणा होता. पुढे सवय झाली. मला ते संबोधन आवडत असे, हेही नमूद करतो.

आमच्या बैठकीची मांडणी मुद्दाम सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. एकच लांब बाकडे. त्याच्या उजव्या टोकाला भाई, पुढ्यात यंत्र. मध्ये मी. डावीकडे अर्जदार, तोही त्याच बाकड्यावर. संकोची असेल तर खाली पायरीवर. आम्हा सर्वांचे तोंड रस्त्याकडे. समोर येणारीजाणारी माणसे, एसटीचा थांबा आणि त्यामागे तोरणा. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नसे. अर्जदार रस्त्याकडे पाहत आपले दुःख सांगे, मी रस्त्याकडे पाहत त्याची वाक्ये करी, आणि भाई रस्त्याकडे पाहत ती उमटवी. गावचा माणूस समोरासमोर बसला की साक्ष देतो. शेजारी बसला की बोलतो. हा माझा अनुभव आहे आणि तो कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही.

आता खरी गोष्ट. माझ्या लेखणीला एक खोड आहे. अर्ज रंगू लागला की मला आवरत नाही. एका म्हशीच्या चार म्हशी होतात, शब्दाला शब्द लागला असेल तर मी शिवीगाळ लिहितो आणि शिवीगाळ झाली असेल तर मारहाण. माझा हेतू कधी वाईट नव्हता. कचेरीच्या कानाला बारीक आवाज ऐकू जात नाही, असे माझे मत होते.

भाई आला त्याच महिन्यात पालीकडचा एक शेतकरी आला होता. शेजाऱ्याच्या दोन म्हशी त्याच्या हरभऱ्यात शिरल्या होत्या. मी सांगू लागलो, "सामनेवाला याने दहा ते बारा जनावरे हेतुपुरस्सर सोडून..." आणि यंत्र थांबले. भाई काही बोलला नाही, मान वळवली नाही. बोटे कळांवर ठेवून तो रस्त्याकडे पाहत राहिला. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "म्हणजे, दोन म्हशी." यंत्र पुन्हा सुरू झाले. शेतकऱ्याला वाटले, मी विचार करण्यास थांबलो होतो. त्याचा माझ्याविषयीचा आदर वाढला.

त्यानंतर सतरा वर्षे आम्ही असेच काम केले. यंत्र किंचित अडखळले तर शब्द चुकला आहे. पुरते थांबले तर वाक्य खोटे आहे. आणि कागद सरकवून टोकाची घंटी वाजवली तर अर्ज पुरेसा झाला आहे, आता आवरा. हे आम्ही कधी ठरवले नाही आणि एकदाही एकमेकांशी बोललो नाही. चहा पिताना, एसटीची वाट पाहताना, ईदला त्याच्या घरी शिरखुर्मा खाताना सुद्धा हा विषय निघाला नाही. माझा मान त्याच्या बोटांत आहे, हे मला ठाऊक होते. त्याला ठाऊक होते की मला ठाऊक आहे. एवढे पुरेसे होते.

मग संस्था आली. पुण्याहून जीपमधून चार जण. अर्ज लिहिणे, टंकलेखन, झेरॉक्स, फॉर्म भरणे, सारे एका छपराखाली आणणारा एक हॉल त्यांना बांधायचा होता. उन्हातान्हात बसणाऱ्या आम्हा लोकांना त्यात जागा देणार होते. त्यांची पद्धत नवी होती. खोली आधी संगणकात बांधायची. डोक्यावर एक टोप घालायचा. त्यात डोळ्यांसमोर ती खोली उभी राहते आणि आपण तिच्यात असतो. दोघांनी दोन टोप घातले तर दोघे एकाच खोलीत असतात. आत काम करून पाहायचे, अडचण दिसली तर खोली बदलायची. ती मुलगी मला म्हणाली, "काका, विटांची भिंत हलवायला गवंडी लागतो. ही बोटाने हलते."

विचार शहाणपणाचा होता. तो मी आजही नाकारत नाही. शेडमधील सात-आठ धंदेवाल्यांतून त्यांनी प्रयोगासाठी आम्हा दोघांना निवडले, याचा मला अभिमान वाटला. त्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला.

प्रयोग गावातील लग्नाच्या कार्यालयात होता. टोप जड होते आणि त्यांना वेलींसारख्या लोंबत्या तारा होत्या. खरा अर्जदार हवा म्हणून वाडीतील म्हातारीला बोलावले होते. तिचा अर्ज तसाही लिहायचाच होता. तिला टोप नव्हता. ती खुर्चीत बसून तोंडाने सांगणार आणि आतील खोलीत तिच्याऐवजी एक बाहुली बसणार, अशी व्यवस्था होती. आम्हाला टोप घालताना पाहून ती घाबरली.

"आगं बया! ह्यांच्या डोस्क्याला काय झालं?"

भाई म्हणाला, "काय न्हाई मावशी. वकीलसाहेबांच्या डोक्यात कायदा लई झालाय. सांडू नये म्हणून झाकण लावलंय."

"आन तुमच्या?"

"माझं रिकामंच हाय. धूळ जाऊ नये म्हणून."

सगळे हसले. मीही हसलो. आम्हा दोघांनी मिळून हसण्याचा तो शेवटचा प्रसंग होता.

त्या खोलीत शिरण्याआधी मी चपला काढल्या. मुलगी म्हणाली, "काका, गरज नाही." भाई म्हणाला, "काढू द्या. तेवढीच तिथली फरशी साफ राहील."

आता आतील खोलीचे वर्णन करतो. ती फार मोठी होती. छत इतके उंच की मान वर करून पाहावे लागे आणि पाहिले तर वर काही नाही, नुसता पांढरेपणा. फरशी आरशासारखी. भिंती काचेच्या; काचेपलीकडे झाडे होती, परंतु ती हलत नव्हती. मध्यभागी एक लांबलचक टेबल, जसे मोठ्या साहेबांपुढे असते. एका टोकाला माझी खुर्ची, पाठ उंच, बैठक इतरांपेक्षा वीतभर वर. मजकूर सांगणारा प्रमुख, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या टोकाला, थेट माझ्या समोर, भाई. त्याच्या जागी एक आकृती होती. तिला चेहरा नव्हता, मानेवर एक राखाडी गोळा होता आणि तो सतत माझ्याकडे रोखलेला होता. हात निळे. म्हाताऱ्या बाईची बाहुली बाजूला, एका काचेच्या खिडकीपलीकडे. तिचा आवाज मात्र खऱ्या खोलीतून, माझ्या पाठीमागून येत होता. बाहुली पुढे, म्हातारी मागे.

सांगायला लाज वाटते, परंतु त्या खुर्चीत बसताच माझा आवाज बदलला. बाकड्यावर मी जसा बोलत असे तसा बोलेना. समोर टेबल, मागे उंच पाठ, आणि खाली दूरवर एक चेहरा नसलेला मनुष्य. अशा ठिकाणी माणूस सांगत नाही, फर्मावतो.

म्हातारीची हकीकत साधी होती. तिच्या खाचराकडे जाणारी वाट पुतण्याच्या बांधावरून होती. वाट जुनी, सासऱ्याच्या वेळची. पुतण्याने तिच्यावर काट्या लावल्या.

"मी म्हनलं, बाबा, म्या कुठनं जाऊ? तर म्हनतो, चुलते, हितनं गेलीस तर तंगडं मोडीन."

"मोडले का?" मी मागे वळून विचारले.

"न्हाई वो. म्हनला. पर म्हनायचं तरी कशाला? म्या त्याला कडंवर घेऊन फिरवलाय."

मी सांगू लागलो. आत यंत्र नव्हते. भाईच्या मांडीवर कळांची एक पाटी दिली होती आणि तो तिच्यावर टंकत होता. मजकूर त्याच्यापुढच्या कागदावर उमटे. मला त्या कागदाची फक्त पाठ दिसे. आणि आवाज काहीच नव्हता. सतरा वर्षे उजव्या कानाशी असलेली ती टकटक नव्हती. खोली निःशब्द होती, देवळात कोणी नसताना असते तशी. त्या शांततेत माझा आवाज मला फार भारदस्त वाटला.

मी म्हणालो, "सामनेवाला याने अर्जदार हिचे तंगडे मोडण्याच्या उद्देशाने तिच्या अंगावर धावून जाऊन काठीने मारहाण केली." कोणी अडवले नाही. मी पुढे गेलो. "त्यायोगे अर्जदार हिच्या उजव्या पायास गंभीर दुखापत होऊन ती अंथरुणास खिळली." तरी कोणी अडवले नाही. भाईला हे मान्य आहे, असे मी समजलो. मग मी पुतण्याच्या दारूचाही उल्लेख केला. त्याबद्दल म्हातारी एक शब्दही बोलली नव्हती.

अचानक माझ्या कानात, अगदी जवळून, भाईचा आवाज आला. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्याचा आवाज माझ्या डोक्याच्या आत होता.

"वकीलसाहेब, म्हातारीला मारल्याचं कुठनं काढलं?"

असे त्याने सतरा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. कोणाच्या देखत तर नाहीच. पुण्याची माणसे ऐकत होती, म्हातारी ऐकत होती.

मी म्हणालो, "भाई, तुम्ही टंकत राहा. मजकूर माझा आहे."

"मजकूर तुमचा. आन खोटं उमटायचं माझ्या बोटांनी?"

"मशीनला तोंड नसतं, भाई."

हे वाक्य माझे आहे. मी ते नाकारत नाही. ते उच्चारताना मी त्या चेहरा नसलेल्या गोळ्याकडे पाहत होतो. तिथे भाईचे डोळे असते, त्याची पानाने रंगलेली जीभ, कपाळावरचा घाम असता, तर ते वाक्य माझ्या ओठांबाहेर पडले नसते, असे मला वाटते. सिद्ध करता येत नाही.

 तो म्हणाला, "सतरा वर्षं हे मशीनच तुमचं तोंड सांभाळत आलंय."

आणि जे कधीही बोलायचे नव्हते ते बोलले गेले.

मागून म्हातारी ओरडली, "आरं, भांडू नगा रं! मला न्हाई मारलं त्यानं. वाट अडवलीया, तेवढंच लिवा की!" मग कोणाला तरी म्हणाली, "आन ही दोगं भितीला तोंड करून कुनाशी भांडत्यात?"

मी टोप काढला. माझ्यासमोर लग्नाच्या स्टेजचा गुलाबी पडदा होता. भाई माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसला होता. आत आम्ही समोरासमोर होतो आणि बाहेर पाठमोरे. त्याने टोप काढला, तारा नीट गुंडाळल्या, मुलीच्या हातात दिल्या आणि तो दुपारच्या एसटीने गेला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. तसे आम्ही कामात एकमेकांकडे कधीच पाहत नव्हतो. परंतु ते न पाहणे निराळे होते.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी आला. यंत्र आणले, तिपाई पुसली, बसला. मला बरे वाटले. अर्ज सुरू झाले. एक झाला, दोन झाले. यंत्र एकसारखे चालले. तिसऱ्या अर्जात मी मुद्दाम, अगदी उघड खोटे वाक्य सांगितले. विहिरीच्या वादात सामनेवाल्याने तलवार काढली, असे. अर्जदार स्वतः चमकून माझ्याकडे पाहू लागला. यंत्र थांबले नाही. तलवार त्याने व्यवस्थित उमटवली, कानासुद्धा चुकला नाही. तो कागद मीच काढून फाडला.

आठ दिवस हे असे चालले. मी जे सांगेन ते तो टंकत असे. त्या आठ दिवसांत मी जितका थकलो तितका सतरा वर्षांत थकलो नव्हतो. प्रत्येक शब्द उच्चारण्यापूर्वी स्वतःच तपासायचा, आणि तपासता येत नाही हे कळायचे. जो मनुष्य आयुष्यभर उतारावर चालला आणि खाली कोणी हात धरील या भरवशावर चालला, त्याला सपाटीवरही पाऊल टाकण्याची भीती वाटावी, तसे झाले.

आठव्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "भोरला बाजारपेठेत एक जागा मिळतीय. आता रोजचं येणंजाणं झेपत न्हाई. गुडघं धरतात."

मी म्हणालो, "डॉक्टरला दाखवा."

"दाखवलं."

 त्याच संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरने यंत्र वर घेतले. "भाई, ह्याला अर्धं तिकीट की पुरं?" असे त्याने विचारले. भाई म्हणाला, "ह्याला तोंड न्हाई, फुकट न्या." कंडक्टर हसला. मी बाकड्यावर बसून ते ऐकले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती आराखडे काढणारी मुलगी आली. एकटीच आणि हातात टेप घेऊन. प्रयोग का बिघडला, हे तिला कळून घ्यायचे होते. तिने बाकड्याचे माप घेतले, बाकड्यापासून रस्ता किती लांब ते मोजले, कोण कुठे बसते ते विचारून वहीत काढले. मुलगी प्रामाणिक होती. बोलता बोलता मी सहज म्हणालो की, आत फारच शांत होते.

ती म्हणाली, "तुमच्या बाजूला, हो. त्या दुसऱ्या काकांच्या टोपात मात्र आम्ही टाइपरायटरचा आवाज सोडला होता. खऱ्या यंत्राचा, रेकॉर्ड करून. कळ दाबली की त्यांना टकटक ऐकू यायची, म्हणजे सवयीचं वाटावं. तुम्हाला मजकूर सांगताना त्रास नको, म्हणून तुमच्याकडे बंद ठेवला."

मी तिला हे तीन वेळा सांगण्यास लावले.

म्हणजे भाईच्या कानात यंत्र वाजत होते. मारहाण म्हणताच त्याने बोटे उचलली आणि त्याच्या कानातील आवाज थांबला. तो थांबलेला आवाज मलाही ऐकू आला, असेच तो समजला. तो थांबून राहिला आणि मी दुखापतीवर गेलो. तो थांबूनच राहिला आणि मी दारूवर गेलो. सतरा वर्षांत प्रथमच मी त्याचे थांबणे तुडवून पुढे गेलो, असे त्याने मानले. म्हणून त्याला तोंड उघडावे लागले. आणि मी समजत होतो की त्याने मला मुद्दाम मोकळे सोडले आणि मग चारचौघांत पकडले. एकाच खोलीत बसलेले आम्ही दोघे दोन निरनिराळ्या खोल्यांत होतो.

मुलीने वही उघडून विचारले, "का काका? तुम्हाला तो आवाज हवा होता का?"

या प्रश्नाचे उत्तर मी खरे दिले असते तर आज हा अर्ज लिहिण्याची वेळ आली नसती. परंतु खरे उत्तर देणे म्हणजे माझी वाक्ये कोणीतरी थांबवावी लागतात, हे कॉलेजात शिकलेल्या पोरीपुढे कबूल करणे होते. मी नववी नापास. माझ्याजवळ माझ्या वाक्यांखेरीज आहे काय?

मी म्हणालो, "नको. टकटकीचा त्रासच होतो."

तिने तसे लिहून घेतले.

वर्षभराने हॉल बांधला गेला. चांगला आहे. पंखे आहेत, पाण्याची सोय आहे. अर्जलेखकाची खिडकी एकीकडे, टंकलेखनाची दुसरीकडे, मध्ये आवाज येऊ नये म्हणून प्लायवूडची जाड भिंत. संस्थेच्या अहवालाची प्रत मुलीने मला पाठवली. त्यात आमच्याविषयी एक ओळ आहे : दोघांच्या कामात समन्वय नाही, बैठक स्वतंत्र असावी. मी काचेमागे बसतो. अर्जदार काचेपलीकडे उभा राहतो आणि छिद्रातून बोलतो. लोक माझ्याशी आता साक्ष दिल्यासारखे बोलतात. माझे अर्ज परत येऊ लागले आहेत. मागच्या महिन्यात कारकून म्हणाला, "काका, तुमच्या अर्जात हल्ली फार रक्त असतं."

म्हातारीचा अर्ज त्याच आठवड्यात मी हाताने लिहून दिला होता. काट्या निघाल्या. ती अधूनमधून बाजाराला येते आणि काचेतून वाकून विचारते, "त्यो दुसरा बाबा कुठाय?"

एकदा मी भोरला गेलो. काम काही नव्हते; असल्याचे सांगितले. बाजारपेठेत भाईचे टेबल आहे आणि टेबलापलीकडे गिऱ्हाइकासाठी स्टूल. मी स्टुलावर बसलो, म्हणजे त्याच्या समोर. त्याने चहा मागवला. शेजारच्या दुकानदाराला सांगितले, "हे आमचे वेल्ह्याचे वकीलसाहेब." आवाजात टोमणा नव्हता. मायाही होती की नव्हती, ते मला ठरवता आले नाही.

"म्हातारीची वाट मोकळी झाली का?"

"झाली."

"कुणाकडनं टंकून घेतला?"

"हातानेच लिहिला. चार ओळी."

"चार वळीत भागवलं तुमी?" तो हसला. "म्हातारीचं नशीब थोर."

एसटीत बसल्यापासून मी एक वाक्य तयार करून आणले होते. भाई, त्या दिवशी तुमचे थांबणे मला ऐकू आले नव्हते. एवढेच. परंतु ते उच्चारायचे तर आधी कबूल करायला हवे होते की इतकी वर्षे मी ते ऐकत होतो. समोरासमोर बसून ते जमेना. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी कपाकडे. तेवढ्यात एक बाई कागद घेऊन आली. भाईने यंत्राकडे तोंड केले. मी थोडा वेळ टकटक ऐकत बसलो. मग उठलो.

आता मी थकलो आहे. पुन्हा भोरला जाऊन तेच वाक्य बोलण्याचे बळ माझ्यात नाही, आणि माझ्या एकट्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा असा माझा लौकिकही नाही. हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल. सबब विनंती येणेप्रमाणे :

संस्थेच्या अहवालातील समन्वय नसल्याबाबतची ओळ रद्द करावी. समन्वय होता. तो खोलीत नेता आला नाही, कारण खोली करणाऱ्यांना तो दिसला नाही आणि ज्याने दाखवायचा त्याने लपवला. खोलीची चूक खोलीच्या नावे लिहावी आणि माझी माझ्या. "टकटकीचा त्रास होतो" हा माझा जबाब खोटा असून तो मी या अर्जाने मागे घेत आहे. प्लायवूडची भिंत पाडावी, अशी मागणी मी करत नाही. खर्च झालेला आहे.

साक्षीदार क्रमांक दोन हिने आपल्या सहीने एक साधा कागद भोरला त्या गृहस्थांना पाठवावा. त्यात एवढेच लिहावे की प्रयोगाच्या दिवशी यंत्राचा आवाज एकाच टोपात होता, दुसऱ्यात नव्हता. त्यापुढे माझ्या वतीने कोणताही शब्द जोडू नये.

कागद पोहोचल्यावर त्या गृहस्थांचे जे म्हणणे असेल ते, अनुकूल असो वा नसो, मला वेल्ह्याच्या पत्त्यावर कळवावे. मुदत घालत नाही. उत्तराची वाट पाहत आहे.

अर्जदार
(मजकूर स्वतः लिहिला, स्वतः वाचून पाहिला.)